कुंकवाखालचा गरुड

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे आणि मी फार भित्रा आहे. हसू नका. आवाज मोठा असला म्हणून छातीही मोठी असते, असं थोडंच आहे? माझा आवाज ऐकून कबुतरं उडतात, कुत्री पलंगाखाली शिरतात आणि माणसं कानांवर हात ठेवतात. पण त्या आवाजाची सगळ्यांत जास्त धास्ती मीच घेतलेली असते. कारण आवाजाआधी माझ्या नळीतून काय सुटलं आहे, हे मला ठाऊक असतं.

सध्या मी पांढुर्ण्याजवळच्या तिगावात सुभेदार रघुनाथरावांच्या घरी राहतो. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात मी आणि खालच्या खणात माझ्या गोळ्या. दोन्ही खणांना वेगवेगळी कुलुपं आहेत आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे आहेत. ही व्यवस्था पहिल्यापासून नव्हती. ती एका भीतीतून आली, आणि माझ्या गोष्टीत भीतीला काही तोटा नाही.

माझा जन्म इटली नावाच्या देशात, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी झाला. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या डाव्या अंगावर, मुठीच्या अगदी वर, एक पोलादी ठसा टेकवला आणि त्यावर हातोडीचा एकच घाव घातला. अंगभर कळ गेली. पाहतो तर काय, नखाएवढी एक खूण उमटली होती. वर मुकुट, खाली पंख पसरलेला गरुड आणि दोन बाजूंना दोन अक्षरं. त्या घावाने मी त्या देशाच्या वायुदलाचा झालो. दुकानात विकायच्या पिस्तुलांना तो ठसा मिळत नसे. माझ्या शेजारची पिस्तुलं माझा हेवा करू लागली, पण मला आपली ती कळच आठवत राहिली.

मग मला एका तरुण सैनिकाच्या कमरेला बांधण्यात आलं. तो तुमच्याहून पाच-सात वर्षांनीच मोठा असेल. त्याचा हात सदा घामेजलेला असायचा. विमानाचा आवाज आला की तो हात माझ्या मुठीवर येई आणि थरथरत राही. मी भित्रा झालो तो बहुधा त्याच्याच संगतीने. त्याने माझ्यातून माणसावर एकही गोळी झाडली नाही. पण खोटा तोरा मिरवणार नाही. त्याने झाडली असती, तर मी काय करणार होतो?

एके सकाळी वाळवंटात त्याच्या तुकडीला चहूबाजूंनी घेरलं. त्याने मला वाळूत टाकलं आणि दोन्ही हात वर केले. माझ्या नळीत वाळू शिरली. मग एक बूट माझ्याजवळ थांबला. तो हिंदुस्थानी सैनिकाचा होता. त्याने मला उचललं, झटकलं आणि एका पोत्यात टाकलं. त्या मुलाला कुठे नेलं, तो पुढे घरी पोहोचला की नाही, मला कधीच कळलं नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. नाव पिस्तुलाला कोण सांगतं?

पोत्यातून बोटीत, बोटीतून आगगाडीत, असं करत मी जबलपूरच्या शस्त्रभांडारात आलो. तिथे मला घट्ट ग्रीसमध्ये बुडवून पेटीत ठेवलं. माझ्या कागदावर लिहिलं होतं, ‘आपल्या सैन्याच्या नमुन्याचे नाही.’ मग कोणाच्या नमुन्याचं, ते कोणी लिहिलं नाही. त्या अर्ध्या वाक्याने पुढे माझा गळा कसा धरला, ते ओघात येईलच. चाळीसहून अधिक वर्षं मी त्या अंधारात होतो. कंटाळा आला का, म्हणाल तर नाही. भित्र्याला बंद पेटीच बरी वाटते.

अशी पिस्तुलं परवाना असलेल्या फौजी लोकांना विकत मिळत. रघुनाथराव तेव्हा नोकरीत होते. त्यांनी रीतसर परवानगी काढली, मला घेतलं आणि इटारसीवरून पॅसेंजरने तिगावच्या स्टेशनावर उतरले. घरी त्यांची पत्नी वच्छलाबाई आणि चार वर्षांची अमिता वाट पाहत होत्या. वच्छलाबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी दृष्ट काढली होती.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला पाटावर विळा, कुऱ्हाड आणि संत्र्याची कलमं बांधायचा चाकू मांडला होता. त्यांच्या शेजारी मलाही ठेवलं. कुंकू लावता लावता वच्छलाबाईंचा हात थांबला. त्या वाकून पाहू लागल्या.

“अहो, याच्यावर गरुड हाय! पाह्यलं का तुमी?”

“कंपनीचा छाप असंन,” रघुनाथराव म्हणाले. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

“कंपनी गरुड कायले काढंन? विष्णूचं वाहन हाय ते. घरात चालून आलं अन् तुमी छाप म्हणून राहिले.”

आणि त्यांनी तुपात कालवलेलं कुंकू बरोबर माझ्या त्या खुणेवर दाबलं. त्या दिवसापासून दर दसऱ्याला तिथेच कुंकू लागू लागलं. देवाचं कुंकू पुसायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. रघुनाथराव दर महिन्याला मला उघडून, पुसून तेल देत. पण तेवढी जागा सोडून. सरहद्दीवर कधी मागे न सरलेला माणूस वच्छलाबाईंना मात्र वचकून असे. वर्षामागून वर्षं गेली. तुपाचा आणि कुंकवाचा थर साचत साचत सुकलेल्या डिंकासारखा काळपट, टणक झाला आणि गरुड त्याखाली दिसेनासा झाला. घरातली माणसं तो विसरली. वच्छलाबाई सोडून.

आता त्या किल्ल्यांची गोष्ट. अमिता दहा वर्षांची असताना रामाकोन्याला वच्छलाबाईंच्या भाच्याचं, मुकुंदचं लग्न होतं. वरात मांडवाशी आली, तसा कोणीतरी गलका केला, “सुभेदार साहेब, एक तं होऊन जाऊ द्या!” रघुनाथराव नको नको म्हणत होते. पण पाहुण्यांचा आग्रह आणि डोक्यावरचा फेटा, दोन्ही एकदम डोक्यात शिरले. त्यांनी मला आकाशाकडे धरलं. मला ओरडून सांगायचं होतं, की वर गेलेलं खाली येतं. पण मला एकच शब्द बोलता येतो, आणि तो मी बोललो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मांडवामागून एक किंकाळी आली. गोळी स्वयंपाकाच्या जागेवरच्या टिनाला भोक पाडून खाली आली होती. वडे तळत बसलेल्या बाईच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ती चुलीच्या मातीत रुतली होती. बाईला खरचटलंही नाही. पण तिच्या मागे अमिता उभी होती, हातात वड्यांची ताटली धरून.

रघुनाथरावांनी माझ्यातल्या उरलेल्या गोळ्या तिथेच काढून घेतल्या. घरी आल्यावर त्यांनी पाटावर माझ्यासमोर बसून अमिताच्या डोक्यावर हात ठेवला. “आता हे निशाण्याच्या कागदावरच चालंन. दुसऱ्या कशावर नाई. अन् मी असो-नसो, हे भलत्याच्या हातात जाणार नाई.” दुसऱ्या दिवशी कपाटाला दुसरं कुलूप लागलं. गोळ्यांची किल्ली वच्छलाबाईंच्या कमरेला गेली. मित्रांनो, त्या रात्री मला पहिल्यांदा शांत वाटलं.

तरी एक भीती दर काही वर्षांनी येतच राही. निवडणूक लागली की परवान्याची सगळी शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. तिथल्या कोठीत मी महिना-दीड महिना राहत असे. एका वर्षी माझ्या शेजारी एक दुनळी बंदूक होती. तिचा मालक वारला होता आणि पोरांनी परवाना आपल्या नावावर करून घेतला नव्हता. तिच्या घोड्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती जागेवर नव्हती. कोपऱ्यात लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेलं एक पोतं होतं आणि त्यातून तिच्या दस्त्याची एक फळी डोकावत होती. ते पोतं भट्टीत जाणार, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हापासून मला त्या फळीची स्वप्नं पडतात.

मागच्या वर्षी रघुनाथरावांचे हात थरथरू लागले. चहा बशीत सांडू लागला. परवान्याचं नूतनीकरण आलं आणि डॉक्टरांनी खरं तेच लिहून दिलं, की या हातांनी आता शस्त्र चालवू नये. अमिता तोवर पांढुर्ण्याच्या एका शाळेत व्यायामशिक्षिका झाली होती. ती नागपूरला जाऊन नेमबाजी शिकली होती. तिने परवाना आपल्या नावावर करून मागितला. कचेरीतल्या साहेबांनी समजावून सांगितलं, की नेमबाजीच्या खेळासाठी म्हणून परवाना मिळू शकेल, पण हेच शस्त्र घेऊन एखाद्या मान्य स्पर्धेत उतरल्याचं प्रमाणपत्र महिन्याच्या आत हवं. नाहीतर पिस्तूल जमा करावं लागेल.

जमा! मला ती फळी आठवली.

सौंसरच्या पुढे, बोरगावच्या माळावर, माजी सैनिकांच्या एका मंडळाने नेमबाजीचं मैदान केलं आहे. तिथे त्याच महिन्यात सैनिकी पिस्तुलांची स्पर्धा होती. परवानाधारक शेजारी उभा असेल तर त्याच्या वारसालाही भाग घेता येत होता. नियमांचे तीन कागद आले. अमिताने ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवले आणि कपाटाच्या बंद दारामागून मी एकेक नियम ऐकत गेलो.

पिस्तूल कोणत्या ना कोणत्या देशाच्या सैन्याने, नौदलाने किंवा वायुदलाने आपल्या माणसांना वापरायला दिलेल्या जातीचं असावं, आणि त्या सैन्याची खूण अंगावर स्पष्ट दिसावी. नेम धरायची माशी मूळचीच असावी, सरकवता येणारी नको. मुठीचा आकार बदललेला नसावा. आणि घोडा ताणलेला असताना चापाला दीड किलोचं वजन लटकवलं, तर घोडा पडता कामा नये.

“खुणेचं काय, बाबा?” अमिताने विचारलं.

“जबलपूरचा कागद हाय ना. त्याच्यावर सैन्याचा शिक्का हाय. तू नेमाकडे लक्ष दे.”

मी आतून ओरडत होतो, “कागद नको, माझ्याकडे पाहा!” पण माझं ओरडणं कोणाला ऐकू जाणार?

स्पर्धेच्या आदल्या दुपारी अमिताने अंगणात चटई टाकली आणि मला समोर घेतलं. तिच्या हातात बारीक पॉलिश पेपर होता. शाळेचे कप आणि ढाली ती जशा चकचकीत करी, तसंच मलाही करायचं तिच्या मनात होतं. बिचारीचा हेतू चांगला होता. तिने उजव्या अंगापासून सुरुवात केली. खस्स, खस्स. माझा काळा मुलामा निघू लागला. कारखान्याने कोरलेली अक्षरं पुसट झाली. त्यातलं माझं जन्माचं साल तर अर्धं गेलं. मग तिने मला उलटं केलं आणि तो काळपट लाल थर नखाने खरवडून पाहिला. निघेना. तिने पॉलिश पेपरची नवी घडी घातली.

मित्रांनो, वाळवंटात मी घाबरलो होतो, मांडवात घाबरलो होतो. पण तेव्हा निदान जे व्हायचं ते पटकन होऊन गेलं. इथे घडी केलेला कागद माझ्याकडे हळूहळू येत होता, आणि त्याच्या दहा घासण्यांत मी कोणाचाच राहणार नव्हतो.

“हात नको लावू तिथं!” तांदूळ निवडता निवडता वच्छलाबाई कडाडल्या.

“आई, उद्या तपासणी हाय. हे घाण दिसून राहिलं.”

“घाण? दर दसऱ्याले लावलेलं कुंकू हाय ते. त्याच्याखाली गरुड हाय. बाकी सारं घास, तेवढं नको.”

“पिस्तुलावर कुठचा गरुड, आई?” अमिता हसली. पण आईचा चेहरा पाहून तिने कागद खाली ठेवला. “बरं, राहू दे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बोरगावला गेलो. वच्छलाबाईही आल्या. पस्तीस वर्षं ज्याची पूजा केली, त्याची परीक्षा घरी बसून कशी पाहायची, असं त्यांचं म्हणणं होतं. झुणका-भाकरीचा डबा घेऊन त्या कडुनिंबाखाली बसल्या. तपासणीच्या टेबलाशी श्रीधर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी सारी नोकरी सैन्याची शस्त्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. त्यांच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या आणि शेजारी शिक्क्यांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. उजवीकडे एक टेबल मांडलं होतं. नियमात न बसलेली शस्त्रं तिथे जात. एक नवं कोरं रिव्हॉल्व्हर आणि सरकत्या माशीचं एक ऐटबाज पिस्तूल आधीच तिथे तोंड पाडून बसली होती. स्पर्धकांची यादी अकरा वाजता बंद होणार होती.

श्रीधरांनी माझी नळी पाहिली, माशी पाहिली, मूठ मापली. मग घोडा ताणला आणि चापात आकडा अडकवून दीड किलोचं पितळी वजन जोडलं आणि मला हळूच उचललं. माझी सगळी हाडं कुरकुरली. माझ्या आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, माझ्याच वयाची आहे, हो! एकदा वाटलं, सुटली. डोळे असते तर मिटून घेतले असते. वजन टेबलाच्या वर अधांतरी राहिलं. घोडा पडला नाही.

“कमान मजबूत हाय,” ते म्हणाले. “आता खूण दाखवा, सुभेदार साहेब.”

रघुनाथरावांनी कागद पुढे केला. श्रीधरांनी तो दोनदा वाचला.

“हे तं म्हणते, आपल्या सैन्याच्या नमुन्याचं नाई. मंग कोणाच्या सैन्याचं?”

“परदेशी हाय.”

“परदेशी तं दुकानातलं बी असते. खूण लागते जी. नियम मी नाई केला.” त्यांनी मला उलटसुलट केलं. उजवीकडची पुसट अक्षरं पाहून ते हळहळले. “हे कोणं घासलं?”

अमिता पुढे आली. “मीच घासलं. काल. मले वाटलं, चमकलं तं चांगलं दिसंन.” ती वडिलांकडे वळली. “खूण असंन तं माझ्याच हातानं गेली, बाबा.”

रघुनाथरावांनी आपले थरथरणारे हात खिशात लपवले. श्रीधरांनी एक निःश्वास टाकला आणि मला उजवीकडच्या टेबलावर ठेवलं. लोखंड थंड असतं, हे मला ठाऊक आहे. पण इतका थंड मी त्या ग्रीसच्या पेटीतही पडलो नव्हतो. मला पोतं दिसू लागलं. लग्नाच्या मांडवातलं ते भोकही दिसू लागलं, आणि रघुनाथरावांनी लेकीच्या डोक्यावर ठेवलेला हात. त्यांनी शब्द दिला होता, की मी भलत्याच्या हातात जाणार नाही. आता मी कोणाच्याच हातात जाणार नव्हतो.

अमिता डोळे पुसत कडुनिंबाखाली गेली. वच्छलाबाईंनी विचारलं, “काय शोधून राहिले तुमी लोक?”

“सैन्याची खूण, आई. कोन्ता तरी छाप लागते अंगावर. नाई सापडून राहिला.”

“मंग गरुड काहून नाई दाखवत?”

अमिता जागच्या जागी थिजली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती धावतच टेबलाशी आली आणि तिने त्या लाल थरावर बोट ठेवलं. श्रीधरांनी चष्मा वर केला, मला उचललं आणि खिशातून चाकू काढला. चाकूची अणी थराला लागली. अजून जरा जोर, आणि थराबरोबर गरुडाचे पंखही गेले असते.

“थांबा भाऊ!” वच्छलाबाई मागून येत होत्या, गुडघे दुखत असतानाही लगबगीने. “देवाले असं खरवडतेत काय? तेल हाय का तुमच्यापाशी?”

श्रीधरांनी शस्त्राच्या तेलाची बाटली दिली. वच्छलाबाईंनी मला पदरावर घेतलं. आधी हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत माफी मागितली. मग दोन थेंब टाकून त्या थांबल्या. घड्याळात अकराला सात मिनिटं होती. सगळे त्यांच्या बोटांकडे पाहत होते. मग त्यांनी जे पस्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं, ते केलं. पदराच्या टोकाने माझं कुंकू पुसलं. पुन्हा तेल, पुन्हा पदर. पदर लालभडक झाला. थर मऊ पडला, एका बाजूने उचलला गेला आणि निघाला.

खाली गरुड होता. कालच ठोकल्यासारखा. बाकीचं अंग वर्षानुवर्षं पुसून पुसून झिजलं होतं, पण तेवढी जागा तुपाने आणि कुंकवाने जपली होती.

श्रीधरांनी भिंग लावलं आणि पुस्तकाची पानं उलटली. “मुकुट, गरुड, दोन अक्षरं. इटलीच्या वायुदलाचा शिक्का हाय हा.” त्यांनी माझं नाव पात्र शस्त्रांच्या यादीत लिहिलं. मग सहज म्हणाले, “लढाईत धरलेलं असंन, काकू. तिकडल्या कोण्या पोराच्या कमरेचं.”

“पोराच्या?” वच्छलाबाईंनी विचारलं. “मंग त्याचं काय झालं?”

“काय माहीत.”

अमिता स्पर्धेत उतरली. तिच्यामागे रघुनाथराव उभे होते. तिचा हात सुरुवातीला घामेजला होता आणि मला तो दुसरा घामेजलेला हात आठवला. अकरा जणांत तिचा नंबर आठवा आला. पण वीसच्या वीस गोळ्या कागदावर लागल्या. एकही कागदाबाहेर गेली नाही. रघुनाथरावांनी तो भोकं पडलेला कागद घडी करून छातीशी धरला. प्रमाणपत्राकडे त्यांनी नंतर पाहिलं.

वच्छलाबाईंनी मात्र झुणका-भाकरीचा डबा उघडलाच नाही. परतताना गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या. “पस्तीस वर्सं मी कोणाच्या तरी लेकराची निशाणी पुजत होती, अन् मले माहीत बी नव्हतं.”

परवाना अमिताच्या नावावर झाला. मग दसरा आला. पाट मांडला, विळा आला, कलमांचा चाकू आला. मला ठेवताना अमिता जरा घुटमळली. कुंकवाची वाटी घेऊन आई येईल की नाही, हे तिला कळत नव्हतं. वच्छलाबाई आल्या. त्यांनी वाकून तो मुकुट, तो पक्षी नीट पाहिला आणि बोट तिथेच टेकवलं.

“आता तं तो आपला गरुड नाई ना, आई?” अमिता हळूच म्हणाली.

“नसू दे. त्याची माय नाई राह्यली आता त्याच्यासाठी हात जोडाले. कोणी तं जोडले पाह्यजे.”

संध्याकाळी त्यांनीच तेलाचा बोळा अमिताच्या हातात दिला आणि सांगितलं, “पुसून ठेव. दिसू दे त्याले.”

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चकचकीत करण्याआधी ती कोणाची होती, तिच्या अंगावर काय लिहिलं आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांचं म्हणणं वेडगळ वाटलं तरी ऐका. माझं सगळं आयुष्य एका आजीच्या चुकीने वाचलं आहे. आणि मला वेळेवर तेल द्या. कुंकवाच्या भरवशावर सगळीच शस्त्रं टिकत नाहीत.

एक शेवटचं मागणं आहे, आणि हे मी खूप घाबरून मागतो आहे. कधी, कुठल्याही घरात, माझ्यासारख्याचं कपाट उघडं दिसलं, तर हात लावू नका. रिकामं आहे असं कोणी म्हणालं, तरी नाही. दोन पावलं मागे या आणि मोठ्या माणसाला हाक मारा. मी भित्रा आहे म्हणून हे सांगत नाही. माझ्या मुठीवर पहिल्यांदा आलेला हात जवळजवळ तुमच्याएवढाच होता आणि तो किती थरथरत होता, हे मला अजून आठवतं म्हणून सांगतो.